छोट्या कुत्र्याचं कोरडं खाणं: जातीच्या नावाचं पाकीट घ्यावं की ‘स्मॉल ब्रीड’चं?

घरात पग, शिह त्झू, यॉर्कशायर टेरियर किंवा डॅशंड आला की खाणं घेताना हा प्रश्न हमखास पडतो. एका पाकिटावर आपल्याच कुत्र्यासारखा फोटो आणि त्याच्याच जातीचं नाव असतं. शेजारच्या पाकिटावर नुसतं ‘स्मॉल ब्रीड’ लिहिलेलं असतं. रॉयल कॅनिन, युकानुबा यांसारख्या कंपन्या दोन्ही प्रकार बनवतात, त्यामुळे एकाच कंपनीची दोन पाकिटं समोर ठेवूनही निर्णय होत नाही.

माझं मत आधीच सांगते. धडधाकट छोट्या कुत्र्याला बहुतेक वेळा चांगलं स्मॉल ब्रीड खाणं पुरतं. जातीच्या नावाचं खाणं मोजक्याच ठिकाणी खरोखर कामाला येतं, आणि आपला कुत्रा त्यात बसतो का हे पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय कळत नाही. ते कसं वाचायचं आणि कोणत्या क्रमाने ठरवायचं, हे पुढे लिहिलं आहे.

सुरुवातीला हे जवळ ठेवा

- कुत्र्याचं आजचं वजन. ‘साधारण पाच किलो’ चालणार नाही, ग्रॅमपर्यंतचं हवं. घरच्या काट्यावर कुत्र्याला कडेवर घेऊन उभं राहून आपलं वजन वजा करण्यात दोनशे-तीनशे ग्रॅमची चूक सहज होते. तीन किलोच्या कुत्र्यासाठी ती मोठी आहे, म्हणून दवाखान्यातल्या काट्यावरच करा.
- वय, नसबंदी झाली आहे की नाही, आणि दवाखान्याची फाईल. दात, मुतखडा, रक्तातली चरबी, त्वचा यांबद्दल काही नोंद असेल तर ती वेगळी काढा.
- ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, मोजपट्टी आणि कॅल्क्युलेटर.
- दोन्ही पाकिटांच्या मागच्या बाजूचे स्पष्ट फोटो. पुढच्या बाजूचे नकोत.

१. आधी वय बघा, मग आकार, जात सगळ्यात शेवटी

कुत्र्याच्या खाण्याचे जे निकष जगभर वापरले जातात, ते प्रामुख्याने अमेरिकेतल्या आफ्को आणि युरोपातल्या फेडिआफ या संस्थांचे. आफ्कोच्या तक्त्यात कुत्र्यांचे मुळात दोनच गट आहेत: वाढीच्या वयातली पिल्लं आणि गाभण किंवा पाजणाऱ्या माद्या हा एक, पूर्ण वाढलेले कुत्रे हा दुसरा. ओलावा वगळून मोजलं तर पहिल्या गटाला किमान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के चरबी लागते. दुसऱ्याला किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के चरबी पुरते. आकाराचा फरक येतो तो मोठ्या पिल्लांच्या कॅल्शियममध्ये: मोठेपणी ७० पौंड, म्हणजे साधारण ३२ किलो किंवा त्याहून जास्त होणाऱ्या पिल्लांसाठी कमाल मर्यादा १.८ टक्के, बाकीच्यांसाठी २.५ टक्के.

या तक्त्यात यॉर्कीचा (यॉर्कशायर टेरियरचा) रकाना नाही, पगचाही नाही. जातीचं नाव कंपनी स्वतःच्या अभ्यासावरून लावते. तो अभ्यास चांगला असू शकतो, काही कंपन्यांचा असतोही. पण ‘हे या जातीच्या गरजा पूर्ण करतं’ असं आफ्को किंवा फेडिआफच्या तक्त्यावरून ठरवता येत नाही. म्हणून पाकीट निवडताना पहिली चाळणी वयाची लावा. पाच महिन्यांच्या पिल्लाला त्याच्या जातीचं ‘ॲडल्ट’ पाकीट देण्यापेक्षा साधं स्मॉल ब्रीड ‘पपी’ केव्हाही बरं.

२. छोट्या आकाराला खरोखर वेगळं काय लागतं

‘स्मॉल ब्रीड’ हा शब्दही कंपनीचाच आहे. मात्र त्याच्यामागे शरीराचं ठोस गणित आहे.

विश्रांतीत असताना कुत्र्याला लागणारी ऊर्जा काढायचं सूत्र असं: वजनाचा (किलोमध्ये) ०.७५ घात गुणिले ७०. घाबरू नका, साध्या कॅल्क्युलेटरवरही ते जमतं. वजन गुणिले वजन गुणिले वजन करा, आलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. तीन किलोच्या कुत्र्याला साधारण १६० किलोकॅलरी येतात, तीस किलोच्या कुत्र्याला साधारण ९००. वजन दहापट, पण ऊर्जा सहापटही नाही. दर किलोमागे पाहिलं तर छोट्याला ५३ आणि मोठ्याला ३०.

छोट्याचं पोट मात्र लहानच असतं. तेव्हा त्याला थोडक्यात जास्त ऊर्जा देणारं खाणं सोयीचं पडतं, आणि चांगली स्मॉल ब्रीड खाणी तशीच बनवलेली असतात. दाणाही बारीक असतो, चिवावाच्या जबड्यात मावेल असा.

आणखी दोन गोष्टी आकारामुळेच येतात. एक, छोट्या जाती लवकर मोठ्या होतात. आठ ते बारा महिन्यांत त्यांची वाढ पूर्ण होते, तर मोठ्या जातींना दीड वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं. म्हणून ‘पपी’वरून ‘ॲडल्ट’वर जायची वेळ स्मॉल ब्रीडच्या पाकिटावर वेगळी दिलेली असते. दुसरी, अगदी चिमुकल्या पिल्लांची रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावं लागतं. पिल्लू लटपटायला लागलं, सुस्त पडलं, थरथरलं तर वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. पाकीट कोणतंही आणा, खाण्याच्या वेळा चुकवून चालत नाही.

दातांचं दुखणं छोट्या जातींत फार. जबडा लहान आणि दात दाटीवाटीने, त्यामुळे कीटण साठतं आणि हिरड्या सुजतात. ‘कोरडे दाणे दात साफ करतात’ या समजावर विसंबू नका. बहुतेक दाणे दात लागताच फुटतात, हिरडीच्या कडेपर्यंत काही घासलं जात नाही. काही खाण्यांत सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालतात. ते लाळेतलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि कीटण घट्ट होण्याचा वेग कमी करतं. याची खात्री हवी असेल तर व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मोहोर पाकिटावर आहे का ते पाहा. तरीही ब्रश करणं चुकत नाही.

३. जातीच्या पाकिटात जास्तीचं काय असतं ते ओळखा

मला यात तीन प्रकार दिसतात, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

*दाण्याचा आकार.* हा फरक डोळ्यांना दिसतो आणि तपासता येतो. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याचा वरचा जबडा आखूड, खालचा पुढे. वाटीच्या तळाला चिकटून बसलेला चपटा, गुळगुळीत दाणा त्याला उचलताच येत नाही. तो जिभेने दाणा ढकलत राहतो, शेवटी नाक वाटीच्या कडेला टेकवून एकदम चार-पाच दाणे ओढतो आणि न चावता गिळतो. वर हवाही गिळतो. मग ढेकर, उलटी. अशा कुत्र्याला उंचवट्याचा, धरायला सोपा दाणा खरंच उपयोगी पडतो.

तुमच्या कुत्र्याला याची गरज आहे का, हे ठरवायला त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. उथळ ताटलीत दहा-बारा दाणे ठेवा आणि कान देऊन ऐका. कुडुम कुडुम आवाज येतो की नुसता गिळल्याचा? किती दाणे तोंडातून परत खाली पडतात? दाणा मोजपट्टीवर ठेवून रुंदी आणि जाडी लिहून घ्या. आमच्या शिह त्झूबाबत याच निरीक्षणाने निम्मा प्रश्न सुटला: साध्या स्मॉल ब्रीडचे जाडसर गोल दाणे ती व्यवस्थित फोडून खात होती, तेव्हा निव्वळ आकारासाठी तिच्या जातीचं पाकीट घ्यायचं कारणच उरलं नाही.

*जास्तीचे घटक.* त्वचा आणि केसांसाठी ओमेगा-३ मधली ईपीए आणि डीएचए, सांध्यांसाठी ग्लुकोसामीन, हृदयासाठी टॉरीन, असे शब्द पुढच्या बाजूला ठळक असतात. प्रश्न एकच विचारायचा: किती? मागे प्रमाण आकड्यात दिलं असेल तर तुलना करता येते, नसेल तर नुसत्या नावाला किंमत देऊ नका. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मीठ बहुधा एखाद्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, म्हणजे मिठाच्या नंतर आलेला घटक त्याहूनही कमी. जीवनसत्त्वांना एवढं पुरतं. ‘सांध्यांसाठी खास’ म्हणून मिरवणाऱ्या घटकाला पुरेल असं मी धरून चालत नाही.

*चरबी आणि ऊर्जेचं प्रमाण.* हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि पाकिटावर सगळ्यात कमी बोलका. काही जातींच्या प्रवृत्ती पशुवैद्यकात पक्क्या माहीत आहेत. मिनिएचर श्नॉउझरच्या रक्तात चरबी वाढण्याची प्रवृत्ती असते, त्याला स्वादुपिंडाच्या सुजेचा आणि कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यांचाही धोका जास्त. डॅशंडची पाठ लांब, मणक्यांमधल्या चकत्या सरकण्याचा त्रास या जातीत खूप, म्हणून वजन आटोक्यात ठेवणं त्याच्या बाबतीत निकडीचं. पग झटकन सुटतो आणि सुटला की श्वास आणखी अडतो. वेस्ट हायलँड व्हाइट टेरियरला त्वचेची ॲलर्जी पुष्कळदा होते. जातीच्या पाकिटात चरबी किंवा कॅलरी खरोखर त्या प्रवृत्तीनुसार बदललेली असेल तर ते पाकीट घेण्यात अर्थ आहे. कशी बदलली आहे ते पुढच्या पायरीत दिसेल.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. प्रवृत्ती म्हणजे आजार नव्हे. आजाराचं निदान झालेलं असेल, म्हणजे मुतखडा सापडला असेल, स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेली असेल, मूत्रपिंडाचे आकडे बिघडले असतील, तर वरच्या दोन्ही पाकिटांतलं एकही स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यासाठी उपचारासाठीची वेगळी खाणी असतात आणि ती डॉक्टरच ठरवतात. श्नॉउझरचा फोटो असलेलं पाकीट हे श्नॉउझरच्या मुतखड्याचं औषध नाही.

४. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून मागची बाजू वाचा

एका कागदावर दोन रकाने करा आणि या क्रमाने भरत जा.

*पूर्ण आहार आहे का?* ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ किंवा ‘कम्प्लीट’ असे शब्द आणि कोणत्या वयासाठी, हे वाक्य शोधा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘सप्लिमेंटल’ असेल तर ते रोजचं मुख्य खाणं नाही. ‘कम्प्लीट’ आणि ‘कॉम्प्लिमेंटरी’ हे शब्द घाईत सारखेच दिसतात, तिथे नवखे लोक फसतात.

*एका किलोत किती किलोकॅलरी?* हा आकडा बारीक अक्षरात असतो. सापडला नाही तर अंदाज काढता येतो. प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (लेबलवर ‘ॲश’, म्हणजे खाणं जाळल्यावर उरणारी खनिजं) यांची टक्केवारी शंभरातून वजा केली की कर्बोदकं मिळतात. प्रथिनं आणि कर्बोदकांना ३.५ ने, चरबीला ८.५ ने गुणून बेरीज करा. उदाहरणार्थ प्रथिनं २७, चरबी १६, तंतू ३, ओलावा १०, राख ७ असेल तर कर्बोदकं ३७. म्हणजे ९४.५ अधिक १३६ अधिक १२९.५, एकूण शंभर ग्रॅमला ३६० किलोकॅलरी.

*दर हजार किलोकॅलरीमागे चरबी किती?* नुसत्या टक्क्यांची तुलना फसवते. समजा एका पाकिटात चरबी १६ टक्के आणि किलोला ४००० किलोकॅलरी, दुसऱ्यात चरबी १४ टक्के आणि ३५०० किलोकॅलरी. दुसरं हलकं वाटतं. पण दोन्हींत हजार किलोकॅलरीमागे चरबी बरोबर ४० ग्रॅमच आहे. कुत्र्याला आपण ऊर्जेच्या हिशोबाने खाणं मोजून देतो, म्हणजे त्याच्या पोटात चरबी तेवढीच जाणार.

आणखी एक मेख: छापलेली चरबी पुष्कळदा ‘किमान’ असते. किमान १४ लिहून आत १७ असली तरी लेबल खोटं ठरत नाही. श्नॉउझरसारख्या जातीसाठी हा फरक लहान नाही. कंपनीला लिहून प्रत्यक्ष सरासरी आकडा मागा.

*बनवणारं कोण?* वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरिनरी असोसिएशनच्या पोषण समितीने यासाठी विचारायचे प्रश्न सुचवले आहेत: पाककृती ठरवणाऱ्याचं पोषणशास्त्राचं शिक्षण काय, माल कुठे तयार होतो, दर्जा कसा तपासला जातो, कॅलरीचा आकडा देता का. उत्तर द्यायला टाळाटाळ करणाऱ्या कंपनीच्या पाकिटावर कितीही सुंदर यॉर्की असो, मी ते घेत नाही.

‘ग्रेन फ्री’ हा शब्द आकर्षित करत असेल तर जरा थांबा. वाटाणा, मसूर अशा डाळी भरपूर असलेली काही धान्यविरहित खाणी आणि कुत्र्यांमधला हृदयाचा एक आजार यांच्या संभाव्य संबंधाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) जुलै २०१८ मध्ये सावध केलं होतं. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पण धान्याची ॲलर्जी निदान झालेली नसताना धान्य टाळण्यात फायदाही नाही. कुत्र्यांमध्ये खाण्याच्या ॲलर्जीला गोमांस, दुधाचे पदार्थ आणि कोंबडी ही कारणं गव्हाइतकीच किंवा जास्त वेळा सापडतात.

५. आता निवडा

कागदावरचे दोन रकाने जवळपास सारखे आले, आणि बऱ्याचदा येतात, तर स्मॉल ब्रीडचं पाकीट घ्या. ते सहज मिळतं, ऐनवेळी संपलं तर दुसऱ्या कंपनीचं तसंच मिळू शकतं. जातीचं पाकीट एखाद्या महिन्यात मिळालं नाही तर घाईघाईने खाणं बदलावं लागतं आणि पोट बिघडतं.

जातीचं पाकीट घ्यावं असे प्रसंग मला हे वाटतात: चपट्या तोंडामुळे साधा दाणा खरंच उचलता येत नाही, जातीच्या माहीत असलेल्या प्रवृत्तीला जुळणारा फरक चरबीत किंवा कॅलरीत आकड्याने दिसतो, किंवा कुत्रा आधीपासून तेच खातो आहे, वजन, शी, केस सगळं उत्तम आहे. शेवटच्या प्रसंगात उगाच हात लावू नका.

कुत्रा मिश्र जातीचा असेल तर प्रश्नच मिटला. मोठेपणीचं अपेक्षित वजन आणि वय बघा, बस्स.

६. मात्रा काट्यावर ठरवा

निवड कितीही अचूक असली तरी छोटा कुत्रा मात्रेने बिघडतो. नसबंदी झालेला पाच किलोचा पूर्ण वाढलेला कुत्रा घेऊ. सूत्राने २३४ किलोकॅलरी येतात. नसबंदी झालेल्याला १.६ ने गुणतात, न झालेल्याला १.८ ने, आणि फार न हलणाऱ्याला त्याहून कमी. २३४ गुणिले १.६ म्हणजे साधारण ३७५. खाण्यात शंभर ग्रॅमला ३९० किलोकॅलरी असतील तर दिवसाला ९६ ग्रॅम.

वरखाऊ, म्हणजे मधल्या वेळेची बिस्किटं वगैरे, दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा आणि तो या हिशोबातूनच वजा करायचा, म्हणजे दाणे उरतात ८६ ग्रॅम. मापाचा कप वापरला तर दहा ग्रॅम इकडे-तिकडे सहज होतात. या कुत्र्यासाठी दहा ग्रॅम म्हणजे दिवसाच्या ऊर्जेचा दहावा हिस्सा, लॅब्रॅडॉरला ते जाणवणारही नाहीत. म्हणून काटा.

हे सगळे सुरुवातीचे आकडे आहेत. खरा निकाल हाताला लागतो: बरगड्यांवरून तळवा फिरवल्यावर न दाबता त्या जाणवायला हव्यात आणि वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी. नऊ गुणांच्या शरीरस्थितीच्या मापात (एक म्हणजे हाडकुळा, नऊ म्हणजे फार लठ्ठ) चार-पाच गुण उत्तम. लांब केसांच्या जातीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हातानेच बघा. दर पंधरवड्याला वजन करून पाच-दहा टक्क्यांनी मात्रा कमी-जास्त करत जा.

पाकिटाचा आकारही इथेच ठरतो. दिवसाला ९६ ग्रॅम खाणाऱ्याला तीन किलोचं पाकीट महिनाभर पुरतं. दहा किलोचं घेतलं तर तीन महिन्यांहून जास्त उघडं राहील, आणि तेवढ्यात त्यातली चरबी खवट होते. उघडलेलं पाकीट चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढंच घ्या. दाणे डब्यात ओतू नका, मूळ पाकीट घडी घालून अख्खं डब्यात ठेवा. बॅच नंबर आणि तारीख हाताशी राहते, आणि डब्याच्या तळाला जुनी चरबी साठत नाही.

७. बदल सात ते दहा दिवसांत करा

पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, पाऊण जुनं. पुढचे दोन-तीन दिवस निम्मं-निम्मं. मग पाऊण नवं, आणि शेवटी पूर्ण. मिश्रण चमच्याने न करता काट्यावर करा, कारण दोन्ही दाण्यांची घनता वेगळी असते. या दिवसांत नवा वरखाऊ, नवं औषध असं काही सुरू करू नका, नाहीतर पोट कशाने बिघडलं ते कळणार नाही.

शी थोडी मऊ झाली तर आहे त्याच टप्प्यावर दोन दिवस थांबा. उलट्या, शीत रक्त, पोट दुखून पाठ वाकवणं यांपैकी काही दिसलं किंवा चिमुकल्या पिल्लाने एक-दोन वेळचं खाणं टाकलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘भूक लागली की खाईल’ हा नियम मोठ्या कुत्र्यांपुरता ठेवा.

८. पुन्हा कधी तपासायचं

नसबंदीनंतर ऊर्जेची गरज उतरते आणि भूक मात्र वाढते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेच नव्या गुणकाने हिशोब करा. वाढ पूर्ण झाली की ‘पपी’ बंद करायचं. छोट्या जाती दीर्घायुषी असतात, पण दहाच्या पुढे रक्ततपासणी झाल्याशिवाय केवळ वयावरून ‘सीनियर’ पाकीट सुरू करायची घाई नको. त्या नावालाही आफ्कोच्या तक्त्यात वेगळा रकाना नाही.

आणि प्रत्येक नवं पाकीट आणलं की मागच्या बाजूचा फोटो जुन्या फोटोशी ताडून बघा. कंपन्या पाककृती बदलतात, पुढचा फोटो तोच ठेवतात. किलोकॅलरीचा आकडा बदललेला दिसला तर त्या दिवशीच ग्रॅम नव्याने काढा.